आधी पुसा, मग पुसा

नामदेवकाका फिटर कुणाच्याही घरी गेले की माणसांशी बोलायच्या आधी घरातलं एखादं यंत्र पुसून काढायचे. माझं लग्न झालं तेव्हा नव्या सुनेला बघायला म्हणून आले आणि तिच्या माहेराहून आलेलं शिवणयंत्र पुसत बसले. बायको चहाची कपबशी घेऊन समोर उभी. काका मान वर करतील तर शपथ! पाऊण तासानं उठले आणि मला म्हणाले, "लय चांगली हाय मास्तर. नुसतं येळच्या येळी तेल घालीत जावा." हे यंत्राबद्दल होतं की बायकोबद्दल, यावर आमच्या घरात अजून वाद आहे.

एकदा जिंतूरहून तहसीलदार आले. काका त्यांची जीप पुसायला लागले. साहेबांना वाटलं, गावानं नेमलेला शिपाई असेल. म्हणाले, "पाणी आण रे." काकांनी अदबीनं तांब्या भरून आणला आणि रेडिएटरमध्ये ओतला. साहेब तसेच तहानलेले चावडीत गेले.

"आधी पुसा, मग पुसा," हे काकांचं पालुपद. पहिलं पुसणं फडक्याचं, दुसरं तोंडाचं. आमच्याकडं विचारण्यालाही पुसणंच म्हणतात. यंत्र आधी स्वच्छ करा आणि मग त्याला विचारा की बाबा, तुला कुठं दुखतंय. काका खरोखर विचारायचे, आणि तेही मोठ्यानं. त्यांच्या माझ्या घराची भिंत एकच. पहाटे पाचला भिंतीपलीकडून "का वो, आज तबियत कशी हाय?" असं ऐकू आलं की समजावं, कुणाचं तरी कडबा कापायचं यंत्र मुक्कामाला आलंय. माझी झोप गेली ती गेलीच. मी चिडून भिंत वाजवायचो. काका पलीकडून म्हणायचे, "मास्तर, भित्ताड पोकळ वाजायलंय. बगू का?"

निजामाच्या अमलात ते परभणीच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये ऑइल इंजिनावर होते. तिथलं उर्दू त्यांनी येताना सोबत आणलं होतं. त्यांच्या लेखी यंत्र कधी बिघडत नसे. ते 'नाराज' असे, 'खफा' असे, फार झालं तर 'लय बेजार' असे. बिघडायची ती माणसं.

तर ही गोष्ट बापूसाहेबांच्या ट्रॅक्टरची. पोलीस अ‍ॅक्शनला पाच-सहा वर्षं झाली असतील. गावाबाहेर बापूसाहेबांची मोसंबीची बाग होती. झाडांच्या ओळींतून फिरेल असा एक छोटा, करड्या रंगाचा ट्रॅक्टर त्यांनी तिच्यासाठी आणला. मागचा नांगर तेलाच्या जोरावर आपोआप वर उचलला जायचा. ते बघायला चारठाण्याहून माणसं यायची. ट्रॅक्टर चालवायला मारोती होता. तिशीतला, कमी बोलणारा, बायको आणि दोन लेकरांसह बागेतल्याच खोलीत राहणारा.

पोळ्यानंतर त्या ट्रॅक्टरचा मागचा आस, म्हणजे चाकांचा कणा, गळायला लागला. चाकाच्या आतून तेल यायचं, टायरवरून ओघळायचं, आणि तेल कमी झालं की नांगर उचलला जाईना. परभणीहून मिस्त्री आला. त्यानं चाक काढून आतली रबरी सील बदलली. दोन दिवसांत पुन्हा तेच. पुन्हा आला, पुन्हा सील बदलली. तिसऱ्यांदा म्हणाला, "आता अख्खा आस उघडावा लागेल. हैदराबादला पाठवा."

बापूसाहेब भडकले. रब्बीची पेरणी तोंडावर, जमिनीला वाफसा आलेला आणि ट्रॅक्टर उभा. त्यांनी सगळा राग मारोतीवर काढला. पोळ्याला हा सासरवाडीला गेला होता, परत आला आणि गळती लागली. म्हणजे यानंच कुठंतरी आदळला असणार. कुणीतरी आणखी पुडी सोडली, की तेल गळत नाही, मारोतीच विकतो. गावाला तेवढंच हवं होतं. लोक त्याला तेलचोर म्हणायला लागले. बापूसाहेबांनी सांगून टाकलं, "बाजाराच्या दिवसापर्यंत गळती थांबली तर ठीक. न्हाई तर खोली रिकामी कर."

बाजार दोन दिवसांवर होता. मारोतीची बायको माझ्या घरी येऊन रडली. मी शाळामास्तर, मी काय करणार? मी काकांना घेऊन बागेत गेलो.

बापूसाहेब खुर्ची टाकून बसलेच होते. "परभणीचा मिस्त्री हरला. तुमी काय करनार, काका?"

"आधी पुसतो," काका म्हणाले.

आणि पुसलं हो! सकाळी सातला सुरू केलं ते दहापर्यंत. रॉकेलनं आस धुतला, चिंध्यांनी कोरडा केला, नखांनी कोपरे कोरले. मग चुना कालवून मागवला आणि घर सारवावं तसा तो सगळा आस पांढराफेक केला. बघायला जमलेले लोक पोट धरून हसत होते. कुणीतरी ओरडलं, "काका, नवरदेव करायलाव का?"

"हसा तुमी," काका म्हणाले. "पांढऱ्यावर डाग लपत न्हाई. मारोती, चालव."

मारोतीनं नांगर लावून ट्रॅक्टर नांगरटीला घातला. काका त्याच्या मागं-मागं, कमरेत वाकून, नजर चाकावर. चुना कोरडाच. लोक म्हणाले, आज गळतच नाही की. अर्धा तास झाला आणि चाकाच्या मुळाशी चुन्यावर एक काळी रेघ उमटली. मग दुसरी.

"थांब!" काका ओरडले. "थंड असताना गळत न्हाई, तापलं की गळायलंय. म्हंजे सीलचा कसूर न्हाई. आतून कुनीतरी ढकलायलंय."

त्यांनी तेल भरायच्या तोंडाचं झाकण जरासं सैल केलं. फुस्स! एवढ्या जोरात हवा सुटली की बापूसाहेब खुर्चीतून उठले. आणि ती काळी रेघ तिथल्या तिथं थांबली. डोळ्यांदेखत थांबली!

"कोंडलंय हो बिचारं," काका म्हणाले. "तेल तापलं की आतली हवा फुगती. तिला भायेर यायला नाक लागतं. याचं नाक बंद हाय. नाक बंद म्हनून घाम फुटायलाय."

सगळे ट्रॅक्टरवर ओणवे झाले. नाक कुठं, नाक कुठं? काकांनी आसाच्या वरच्या अंगाला, बैठकीखालच्या सांदीत हात घातला. त्यांचं एवढं पुसणं, पण ही सांदी हाताला लागली नव्हती. तिथं अंगठ्याएवढी एक लोखंडी टोपी होती आणि तिच्यावर मातीचं जाड खवलं धरलं होतं. काकांनी ते नखानं उचकटलं, हुंगलं आणि गप्प झाले. मी इतक्या वर्षांत त्यांना यंत्रासमोर गप्प झालेलं पाहिलं नव्हतं.

मग त्यांनी बाभळीचा काटा मागितला. टोपीचं बारीक भोक कोरलं, रॉकेल सोडलं, तोंडानं फुंकर मारून बघितली. चुन्याचा नवा हात दिला. मारोती पुन्हा नांगरटीला लागला. अर्धा तास झाला, तास झाला, उन्हं डोक्यावर आली. चुना पांढरा तो पांढराच! नांगर वर जातोय, खाली येतोय. लोकांनी टोप्या उडवल्या. ज्यानं नवरदेव म्हणून चिडवलं होतं त्यानंच काकांना खांद्यावर घेतलं. हैदराबाद नको, परभणी नको, आमच्या गावच्या माणसानं एका काट्यानं काम फत्ते केलं होतं. मला तर असा आनंद झाला की मी बापूसाहेबांच्याच पाठीवर थाप मारली.

"काका, जिंकलात," बापूसाहेब म्हणाले. "पर ते नाक बंद केलं कुनी? मारोतीनंच ना?"

सुटले होते की काका! एवढ्या गडबडीत "माती बसली" म्हणाले असते तर कुणी खोदून विचारलं नसतं. ते खांद्यावरून खाली उतरले.

"मालक, मारोतीचा काडीचा कसूर न्हाई. नाक मी बंद केलं."

काका सांगायला लागले.

"पोळ्याच्या आदल्या दिशी समद्या गावात बैलांची खांदेमळणी चालली व्हती. मीबी सवयीनं वाटीत हळद-तूप कालवलं. कालवल्यावर ध्यानात आलं, आपल्या दारात बैल कुठं हायेत? आमची ही गेली त्याच साली इकले. आता वाटी हातात, करू काय? फिरत फिरत हितं आलो. मारोती सासरवाडीला, हे एकलंच छपरात उभं. म्हनलं, वर्सभर हेबी वढतंय, याचे खांदे कोन मळनार? म्हनून मळले. चांगलं थापून मळले. तूप नाकात गेलं, वर धूळ बसली. मघाशी हुंगलं तवा वास आला घरच्या तुपाचा." काका मारोतीकडं वळले. "तीन आठवडे तू तेलचोर झाला रं. माझ्यापायी झाला."

हसावं की रडावं ते कुणाला कळेना. बापूसाहेबांनी आपला पानाचा डबा मारोतीपुढं सरकवला. त्या घराण्यात माफी मागायची दुसरी रीत नव्हती.

मारोतीनं पान घेतलं नाही. तो ट्रॅक्टरवरून उतरला आणि सरळ काकांच्या अंगावर चालून गेला. त्याची बायको पुढं धावली, मीही धावलो. तीन आठवड्यांचा अपमान, माणूस हात उगारणारच. त्यानं तेलानं माखलेले दोन्ही हात काकांच्या खांद्यांवर ठेवले आणि जोर लावून मळायला लागला. सदरा पार काळा केला. मग वाकून त्यांच्या कानात, पण आम्हा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "काका, आज आवतन घ्या, उद्या जेवायला या."

हे शब्द आम्ही वर्षातून एकदाच म्हणतो, पोळ्याच्या आदल्या दिवशी, आणि म्हणतो ते बैलाला. लोक असे हसले की मोसंबीवरचे पोपट उडाले. काकाही हसत होते आणि डोळ्यांतून धार लागली होती. मलाही आवरलं नाही, खोटं कशाला सांगू?

दुसऱ्या दिवशी काका जेवायला गेले. सकाळी आठलाच. मारोतीची बायको नंतर मला सांगत होती, डाळ अजून निवडायची होती आणि काका दारात उभे, अंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून. तिनं विचारलं, "काका, इतक्या लवकर?"

"रातीच निघनार व्हतो," काका म्हणाले, "पर म्हनलं, तुमी निजला असाल."