हातात धरून चाललेले अंतर

आमच्या आंबेसावळीत सायकल विकली गेली की तिच्यावर बसून घेतलेल्या आठवणी त्याच दिवशी घेणाऱ्याकडे जातात. पूर्वीपासून असेच आहे आणि सहसा कोणाची तक्रार नसते. बहुतेक सायकलींवर दळण आणणे, दुधाला जाणे असलेच काही असते. ते गेले तरी माणसाचे अडत नाही. विकणारा पावतीवर सही करतो, चालत घरी जातो आणि रस्ता ओळखीचा का वाटतो याचा फार विचार करत नाही.

अडचण चोरीच्या सायकलींची होते. चोर सायकल विकत घेत नसल्यामुळे त्याला काही मिळत नाही. तो ती पुढे विकतो, पावती होते आणि मूळ मालकाच्या डोक्यातले सगळे उठून नव्या माणसाकडे जाते. त्याने सायकल खरेपणाने घेतलेली असते. मग दोघे आमच्या कक्षात येतात. नगरपरिषदेच्या तळमजल्यावर, जन्ममृत्यू नोंदणीच्या शेजारी हा कक्ष आहे. मी तिथे वरिष्ठ लिपिक आहे. अधिकाऱ्याची जागा चार वर्षे रिकामी असल्यामुळे सुनावण्या मीच घेतो.

भालचंद्र मुळीक यांचा अर्ज फेब्रुवारीत आला. ते गुरांच्या दवाखान्यात ड्रेसर होते. जनावरांच्या जखमा धुणे, खूर साफ करणे, लसीकरणाला गावोगाव जाणे हे त्यांचे काम. निवृत्तीला चार महिने राहिले होते. सायकल काळी, बावीस इंची, दांडीवर लहान मुलासाठी बसवलेली छोटी सीट. दवाखान्याच्या भिंतीला टेकवून ठेवलेली असताना ती चोरीला गेली होती.

“चोरी कळली ती संध्याकाळी,” मुळीक मला म्हणाले. “विकली गेली ते नवव्या दिवशी कळलं. एका बैलाचा खूर धूत होतो. धुता धुता हात थांबला. साहेब, आपण आत्ता कशाचा तरी विचार करत होतो, एवढंच लक्षात राहिलं. कशाचा ते गेलं.”

“वेळ काय होती?”

“साडेअकराच्या सुमाराला.”

पावती त्याच दिवशी साडेअकराला झाली होती. मी तसे लिहून घेतले.

मुळीकांनी सायकल घेतल्याची मूळ पावती जोडली होती. सांगाड्यावरचा नंबरही जुळत होता. त्यांना वाटत होते की एवढे पुरेल. मी त्यांना समजावून सांगितले की पावतीवरून सायकल कोणाची होती ते कळते, कोणाची आहे ते कळत नाही. आमचा नियम एका ओळीचा आहे: सायकल ज्याला आठवते त्याची. मात्र कधी कधी एखादी आठवण मूळ मालकाकडे मागे राहून जाते. ती सिद्ध झाली तर विक्री रद्द होते, सायकल परत मिळते आणि बाकीचे सगळेही तिच्याबरोबर परत येते. अकरा वर्षांत माझ्यासमोर असे दोनदा झाले आहे.

“एक आठवण पुरेल?” मुळीकांनी विचारले.

“एक पुरेल. पण बसलेल्या अंतराची हवी. सायकल हातात धरून चाललेले अंतर नियमात धरत नाहीत.”

हे ऐकून ते बराच वेळ माझ्या टेबलावरच्या शिक्क्यांकडे बघत राहिले. मग म्हणाले, “सतरा वर्षं मी ती हातात धरूनच नेतोय.”

मुलगी गेल्यापासून ते सायकलवर बसले नव्हते. तिचे नाव चित्रा. नऊ वर्षांची होती, मेंदूज्वराने गेली. शाळेत जायला लागल्यापासून मुळीक तिला रोज सकाळी त्या छोट्या सीटवर बसवून शाळेत सोडायचे आणि तिथून खेड्यांवर जायचे. परत यायला रात्र व्हायची, तोवर ती झोपलेली असायची. रविवारी लसीकरण असायचे, तेव्हा ती त्यांच्याबरोबर सायकलवरून खेड्यावर जायची.

“म्हणजे साहेब, माझी पोरगी सगळी सायकलवरच होती,” मुळीक म्हणाले. “मी पहाटे दवाखान्यात जाऊन यायचो आणि दारातूनच तिला सायकलवर घ्यायचो; घरात मी तिला पहिल्यापासून झोपलेलीच बघितली. आणि मग जिल्ह्याच्या दवाखान्यात आठ दिवस. तिथं तिला जीपनं नेली होती, त्यामुळं ते माझ्याकडं राहिलंय. मला नको होतं तेवढंच राहिलंय.”

मी सुनावणीची तारीख दिली.

सायकल घेणारे हणमंत ओतारी बाजार समितीत तोलार होते. पोती काट्यावर चढवायची, वजन पुकारायचे. वय पंचेचाळीस, लग्न झालेले नाही, आईवडील नाहीत, यार्डामागे एका खोलीत राहणारे. सुनावणीला ते नवा शर्ट घालून, अर्धा तास आधीच आले. हातात रुमालात बांधलेली बोरे होती. मुळीक आणि त्यांच्या पत्नी शालनबाई असे दोघे आले तेव्हा ओतारी उठून उभे राहिले आणि त्यांच्या मागे दाराकडे बघू लागले. आणखी कोणी आत येईना तेव्हा खाली बसले.

प्रश्न दोघांनाही तेच असतात. आधी अर्जदाराला विचारायचे.

“सायकलवर तुमच्याखेरीज कोण बसत असे?”

“माझी मुलगी चित्रा.”

“हे तुम्हाला आठवते की माहीत आहे?”

मुळीक थांबले. “माहीत आहे,” ते म्हणाले. शपथेवर होते.

“शाळेच्या वाटेवर ती काय करायची?”

“घंटी वाजवायची असेल. सगळी मुलं वाजवतात.”

“असेल हे उत्तर धरता येत नाही.”

“मग नाही सांगता येत.”

शालनबाई मध्येच म्हणाल्या, “मी सांगते ना. ती म्हशी दिसल्या की घंटी वाजवायची. यांनीच मला सांगितलं होतं.”

“बाई, ते ऐकीव आहे. तुम्ही सायकलवर नव्हता.”

“मी दारात असायचे. दोघांना जाताना बघायचे.”

“दारातून बघितलेली सायकल वेगळ्या नोंदीत येते. तिचा इथे उपयोग नाही.”

मी मुळीकांना आणखी सात प्रश्न विचारले. साखळी कुठे उतरायची, चढावर कोण उतरायचे, पावसात मुलीच्या डोक्यावर काय धरायचे. प्रत्येक प्रश्नाला ते डोळे मिटून बसायचे. कपाळावरची शीर वर आलेली दिसायची. मी नियमापेक्षा जास्त वेळ दिला. शेवटी ते म्हणाले, “पुढं चला साहेब.”

मग ओतारींना विचारले.

“म्हशी दिसल्या की घंटी,” ते म्हणाले. “पण नुसती नाही. एका म्हशीला एकदा. कळप असला की मला थांबायला लागायचं, तिचं मोजून होईस्तोवर. साखळी कापसाच्या जिनिंगच्या फाटकापाशी उतरायची. ती म्हणायची, बाबा, सायकलला पण बोरं खायची असतात, म्हणून ती इथंच थांबते. तिथं बोराचं झाड होतं.” त्यांनी रुमालाकडे बघितले. “उतार लागला की म्हणायची, आता गप्प बसा, वारा बोलतोय. पुलापर्यंत दोघांनी गप्प बसायचं. आणि वहिनी, तुम्ही डब्यात साखर लावून पोळीची गुंडाळी द्यायचा ना, ती शाळेत पोचायचीच नाही. अर्धी ती खायची, अर्धी मला द्यायची. आईला सांगायचं नाही म्हणायची.”

शालनबाईंनी पदर तोंडाला लावला. “शाळेतल्या बाई सांगायच्या,” त्या म्हणाल्या, “दुपारी उपाशी दिसते म्हणून. मी चार वर्षं विचारत होते तिला.” आणि त्या थोड्या हसल्या. सतरा वर्षांत त्यांना चित्राची एकही नवी गोष्ट कळली नव्हती.

मुळीक लक्ष देऊन ऐकत होते. लग्नात शेजारी बसलेला अनोळखी पाहुणा आपल्या मुलांबद्दल बोलायला लागला की आपण ऐकतो, तसे.

नियमाप्रमाणे मी शेवटची आठवण विचारली.

“गुरुवार होता,” ओतारी म्हणाले. “दुपारीच शाळेतून निरोप आला म्हणून आणायला गेलो. डोकं दुखतंय म्हणाली. घंटी वाजवली नाही. दारात उतरवली, वहिनींनी कडेवर घेतली. तिथं संपतं. पुढं काहीच नाही.” ते मुळीकांकडे वळले. “मी तेच विचारायला आलोय. आता मोठी झाली असेल. लग्न करून दिली का तुम्ही तिला? कुठं असते?”

हा प्रश्न प्रश्नावलीत नव्हता, पण एका पक्षाने दुसऱ्याला प्रश्न विचारू नये असेही कुठे लिहिलेले नाही.

मुळीकांनी सांगितले. आठ दिवसांचे सगळे त्यांना नीट आठवत होते, आणि त्यांनी ते तारीखवार सांगितले: सुया, बर्फाच्या पट्ट्या, खाटेचा क्रमांक, तिसऱ्या दिवसापासून तिचे डोळे न उघडणे. ओतारींनी मध्ये एकदाही थांबवले नाही. ऐकून झाल्यावर त्यांनी बोरांचा रुमाल उचलून मांडीवर घेतला आणि दोन्ही हातांनी धरून ठेवला. मी पंधरा मिनिटे कामकाज तहकूब केले. ओतारी खोलीतून हलले नाहीत.

कामकाज पुन्हा सुरू झाल्यावर मुळीक म्हणाले, “ओतारी, मला दावा नको. तुम्ही मला सायकल विका. म्हणाल ती किंमत देतो.”

हे नियमात बसत होते. विक्री झाली असती तर त्याच क्षणी सगळे मुळीकांकडे परत गेले असते. मी कोरी पावती काढून टेबलावर ठेवली. माझ्या मनात होते की हे असेच मिटावे.

ओतारी पावतीकडे बघत राहिले. “काल मागितली असती तर दिली असती,” ते म्हणाले. “काल मला वाटत होतं ती कुठं तरी आहे. आपल्याकडं आठवणी नसल्या तरी पोरगी आहे. आता तुम्ही म्हणता ती नाही. मग माझ्याकडं जेवढी आहे तेवढीच राहिली. ती मी विकू?”

“ती माझी मुलगी आहे,” मुळीक म्हणाले.

“होय. तुमचीच आहे.” ओतारींनी हात जोडले. “पण तिनं अर्धी पोळी मला दिलेली आहे. मला हातात दिसते ती. सही केली की मी उद्या उठणार, आणि मला काही झालं होतं हेसुद्धा कळणार नाही मला. माझ्याकडं दुसरं काही नाही, मुळीक.”

शालनबाईंनी नवऱ्याच्या दंडावर हात ठेवला. मुळीक माझ्याकडे वळले.

“सायकल चोरून नेली तर?” त्यांनी मला विचारले. अगदी साधेपणाने, चौकशीच्या खिडकीवर विचारतात तसे.

“सायकल येईल. बाकीचे यांच्याकडेच राहील.”

त्यांनी मान हलवली. “साहेब, यांच्या जागी मी असतो तर मीही विकली नसती,” ते म्हणाले. “तुम्ही लिहा.”

मी निकाल लिहिला. अर्जदाराकडे बसलेल्या अंतराची एकही आठवण शिल्लक आढळली नाही. सबब सायकल हणमंत ओतारी यांची. मुळीकांनी प्रत घेतली, चार घड्या घालून खिशात ठेवली आणि शालनबाईंसाठी दार धरले. त्यावर अपील करता येते असा छापील मजकूर निकालाच्या मागे असतो. अपील माझ्याकडेच येते. ते आले नाही.

निकालानंतर तीन महिन्यांनी ताबा पाहणी करावी लागते. एका रविवारी सकाळी मी यार्डामागे ओतारींच्या खोलीवर गेलो. सायकल आत होती, पुसलेली, खाटेच्या शेजारी. मुळीक पतिपत्नी सतरंजीवर बसले होते. दर रविवारी येतात असे कळले. शालनबाईंनी डबा आणला होता.

“वापरात आहे का?” मी पाहणीचा छापील नमुना बाहेर काढून विचारले.

“रोज यार्डात नेतो,” ओतारी म्हणाले.

“बसून?”

“नाही. हातात धरून. बसवत नाही.”

मी तशी नोंद केली. ओतारी मला चहा देऊन पुन्हा सतरंजीवर बसले आणि अर्धवट राहिलेले सांगू लागले. कुठल्याशा खेड्यात लसीकरणाला गेले असताना चित्राने पाटलांच्या रेड्याला घाबरून सायकलवरून उतरायला नकार दिला होता. सबंध दुपार तिथेच बसून तिने पंचेचाळीस जनावरांना एकेक नाव दिले. शालनबाई मध्ये मध्ये विचारत होत्या: फ्रॉक कुठला होता, पाणी प्यायली का. ओतारी सगळे सांगत होते. तेही मधूनच मुळीकांना विचारत: त्या आठ दिवसांत कधी तिला शुद्ध आली होती का, काही मागितले का. मुळीक सांगत. मग पुन्हा सायकलवरचे सुरू होई.

मी सहीसाठी कागद मुळीकांपुढे धरला. पूर्वीच्या मालकाचीही सही लागते. त्यांनी पेन हातात घेतले आणि ओतारींना विचारले, “तिचा आवाज कसा होता?”

घरी ती झोपलेली असायची आणि दवाखान्यात बोलली नव्हती.

ओतारींनी विचार केला. तोंड उघडून ते काही काढू बघत होते, पण तोलाराचा आवाज, त्यातून काय निघणार. “ऐकू येतो मला,” ते म्हणाले. “काढता येत नाही.”

“थोडा घोगरा होता,” शालनबाई म्हणाल्या. “तुमच्या आईसारखा.”

मुळीकांनी तो आवाज कानांत आणायचा प्रयत्न केला असावा, कारण ते भिंतीकडे बघत थांबले.

“असेल,” ते म्हणाले, आणि कागद गुडघ्यावर ठेवून त्यांनी सही केली. तक्रार नाही, असा शेरा मारून मी नमुना बंद केला.