शेवटची फेरी

"दाजी, खरं सांगा, त्या मॅचमध्ये एवढं काय आहे हो?" मेहुण्यानं विचारलं आणि गादीवाल्याच्या हातातला दाभण टाक्यातच थांबला.

दुपार होती. पिंजलेल्या कापसाचे तंतू दुकानभर तरंगत होते. उन्हाच्या तिरिपीत शिरले की सोन्याचे व्हायचे, बाहेर आले की पुन्हा कापूस.

कोपऱ्यातल्या टीव्हीवर गादीवाला रोज जेवण झालं की एकच मॅच लावायचा. जुनी, बिनरंगाची. एक बॉक्सर पांढऱ्या चड्डीतला, एक काळ्या. फेऱ्या पंधरा. 'अशी मॅच पुन्हा होणे नाही,' असं गादीवाल्याचे वडील सांगायचे, म्हणून आता तो येईल त्या गिऱ्हाइकाला सांगायचा.

"आज नाही हं लावायची ती," बायको शिलाई मशीनवरून म्हणाली. "लॉजचे मॅनेजर यायचेत. सगळ्या खोल्यांच्या गाद्या आहेत. ही ऑर्डर गेली तर दुकानाला कुलूप."

"पण हा काय बोलतोय ते ऐकलंस ना?"

"काय चुकीचं बोललो? नुसत्या मिठ्या तर मारतात दोघं," मेहुणा म्हणाला. "आमच्या गल्लीत नळावर याच्यापेक्षा बरी मारामारी होते."

झालं. बापाला कुणी नावं ठेवली असती तरी गादीवाला एवढा पेटला नसता. "बस इथं! शेवटपर्यंत बघ आणि मग तोंड उघड!"

मॅनेजरला दाखवायला केलेल्या नव्या कोऱ्या गादीवरच दोघं बसले. टीव्हीतल्या गर्दीचा आवाज लांबच्या समुद्रासारखा येत होता. दुसऱ्या फेरीत मेहुणा कलंडला. तिसरीत गादीवाला "आता बघ, आता बघ..." म्हणता म्हणता स्वतःच रिंगणात उतरला.

रिंगण कापसाचं होतं. पाय घोट्यापर्यंत आत जायचे. त्याची चड्डी उशीच्या अभ्र्याची होती, फुलाफुलांची. समोरच्यानं हळूच एक ठोसा दिला आणि तो पडला. पडतच राहिला, पिसासारखा. वरून पंच मोजायला लागला, "सहा... सात..." उठायचं होतं, पण कापूस सोडेना. "आठ..." लांबून बायको हाका मारत होती, "अहो, उठा!" "नऊ..."

असेल नसेल तेवढी ताकद लावून तो उठला आणि त्यानं ठोसा हाणला.

फट्कन उशी फुटली.

मॅनेजर बिचारा ढिगातल्या गाद्या मोजत होता. कापूस कसा आहे बघायला उशी पोटाशी धरली होती, म्हणून वाचला. आता तो नखशिखांत पांढरा झाला होता, नुसते डोळे तेवढे काळे.

"अहो, मला लागलं असतं तर?"

"तुम्ही दहा म्हणाला असतात तर मी हरलो असतो," गादीवाला म्हणाला. अजून अर्धा तिकडेच होता.

बायकोनं कपाळाला हात लावला. पण मॅनेजर मिशीतला कापूस काढत म्हणाला, "काही म्हणा, झोप मात्र गाढ होती. गादी चांगली दिसते."

"गादी कसली! ती मॅचच झोपेची गोळी आहे," मेहुणा डोळे चोळत बोलून गेला.

"तुझ्या तोंडाला टाके घालू का रे?" बहीण ओरडली.

मॅनेजर विचारात पडला. "म्हणजे मॅच भारी असेल तर झोप गादीमुळे. आणि मॅच रटाळ असेल तर गादीत काही दम नाही. मग आपण लाकडी बाकावर बसून बघू. जागे राहिलो तर ऑर्डर तुमची."

गादीवाल्यानं टीव्हीसमोर बाक ओढला. त्यावर तो ताठ बसला. एका बाजूला मेहुणा, दुसऱ्या बाजूला मॅनेजर. पहिल्या फेरीची घंटा झाली. समुद्र पुन्हा वाजायला लागला...

डोळे उघडले तेव्हा ऊन उतरलं होतं. वर छत, पोटावर मॅनेजरचा पाय, कानाशी मेहुण्याचं घोरणं. गेली ऑर्डर. बाकावर बायको एकटीच बसली होती. टीव्हीचा उजेड तिच्या ओल्या गालांवर हलत होता.

"मी कधी पडलो गं?"

"तिसऱ्या फेरीत. तिघंही एकदम, एकमेकांच्या गळ्यात गळे घालून. तुम्ही डुलायला लागलात तेव्हाच मी नवी गादी खाली ओढली."

"बाकावरून पडलो आणि जाग आली नाही?" मॅनेजर डोळे न उघडताच म्हणाला.

"नाही आली."

"सगळ्या खोल्यांना हीच द्या," असं म्हणून तो कुशीवर वळला.

"पण म्हणजे मॅच रटाळच ना?" मेहुणा जागा झाला होता.

"गप रे! शेवटच्या फेरीत दोघांच्या अंगात उभं राहायचंही त्राण नसतं. एक पडायला लागला की दुसरा त्याला सावरतो. नीट उभा करतो. आणि मग मारतो." तिनं गाल पुसले. "तुझ्यासारखी माणसं त्याला नुसत्या मिठ्या म्हणतात."

दुकानात कापूस हळूहळू खाली बसत होता. गादीवाला बाकाकडे सरकला. मग मॅनेजरला ऐकू जाणार नाही इतक्या हळू त्यानं विचारलं,

"जिंकतं कोण गं?"

बायको त्याच्याकडे बघतच राहिली.

"अहो, एवढी वर्षं गावभर सांगत सुटलाय, आणि..."

"सांग ना."

तिनं उठून टीव्ही बंद केला.

"उद्या जागे राहा."