चौथी बशी

गाडीला जागा हवी म्हणून घरामागचा टोमॅटोचा वाफा काढून फरशी घालायची, असं मुलाने रविवारी चहा पिता पिता जाहीर केलं आणि मोजपट्टी घेऊन तो मागच्या दारी गेलासुद्धा. अण्णा कप तसाच ठेवून मागोमाग धावले. चाळीस वर्षं त्यांनी शिवणकामात लोकांची मापं घेतली होती. आपल्या वाफ्याचं माप दुसरा घेतोय हे त्यांना सोसेना.

"हा तुझ्या आईचा वाफा आहे!"

"अण्णा, आईला जाऊन सहा वर्षं झाली. आणि टोमॅटो दुकानात ढिगाने मिळतात."

"टोमॅटो मिळतात. चव मिळते का?"

चव म्हणजे दुपारचे चार. शिवणयंत्र थांबायचं, बायको लाल फोडींची बशी आणायची, आणि कापडावर रस सांडू नये म्हणून दोघं खिडकीशी उभ्यानेच खायची. ती गेल्यापासून तशी फोड पुन्हा तोंडात पडली नाही. वाफ्यात चार फळं धरली तर पाखरंच आधी फस्त करत. बाकी सगळा दोष अण्णा नव्या बियाण्यांना देत. सून नेमकी बियाण्यांच्या कंपनीत, जिथे जनुकं बदलून पिकं तयार करतात! 'तुमच्या कंपनीने टोमॅटोचा जीवच काढून घेतला,' हे ती बिचारी आठवड्यातून दोनदा ऐकून घेई.

"बांधा माझे डोळे," अण्णा इरेला पेटले. "मी हाताने कापड ओळखतो, तशी जिभेने आपल्या वाफ्याची चव ओळखीन. चुकलो तर वाफा मीच खणून देतो!"

सुनेने तीन बशा मांडल्या. एकीत तिच्या कंपनीचा टोमॅटो, एकीत सेंद्रिय दुकानातला महागडा, आणि एकीत वाफ्यातला, यंदा जाळी लावल्यामुळे वाचलेला. मुलाने डोळ्यांवर पट्टी बांधली.

"ही माझ्या जुन्या सदऱ्याची. सुती, तिरपी कापलेली," अण्णा म्हणाले. सुरुवात तर झकास झाली.

पहिली फोड. "पाणचट. कंपनीचा."

दुसरी. "आंबट. हाही कंपनीचाच."

तिसरी. "शी! हा तर कंपनीच्या मालकाचा! आता आपला आणा."

"अण्णा, चौथी बशी नाहीये," मुलगा हळूच म्हणाला. "तिसरा आपल्या वाफ्यातला. सकाळी मीच तोडला."

अण्णांनी पट्टी सोडली, तिची नीट घडी घातली आणि खुरपं घेऊन ते वाफ्याशी जाऊन बसले. दिला शब्द मोडायचा नव्हता, पण खुरपं काही मातीत जाईना. बायकोचं उरलंसुरलं तेवढंच तर होतं.

थोड्या वेळाने सून बशी घेऊन आली. अण्णांनी नको नको म्हणत एक फोड तोंडात टाकली आणि त्यांचे डोळे भरून आले.

"हाच! कुठे लपवला होतास?"

"तिन्ही बशांतलं उरलेलं एकत्र केलं. मीठ, चिमूटभर साखर, आणि दहा मिनिटं झाकण. आईंनी शिकवलं होतं." ती घुटमळली. "अण्णा, वाफ्यातले तेव्हाही पाखरंच खायची. आई बाजारातून आणायच्या, पिशवी मागच्या दाराने आत घ्यायच्या. म्हणायच्या, यांना सांगू नकोस, रोज हौसेने पाणी घालतात बिचारे."

अण्णा हसत सुटले. आपण तिच्यासाठी वाफा जपला, आणि तिने आपल्यासाठी!

तेवढ्यात मुलगा आला. त्याने बशीतली फोड उचलली, चावता चावता थांबला. "हा... आईचा. आपल्या वाफ्यातला?"

सुनेने अण्णांकडे पाहिलं. चाळीस वर्षं गिऱ्हाइकांना 'उद्या नक्की' सांगणाऱ्या माणसाला थाप मारायला कितीसा वेळ लागणार?

"मग काय! सकाळी तू घाईने कच्चा तोडलास. याला थोडं थांबावं लागतं."

मुलाने आणखी एक फोड घेतली, अण्णांच्या हातातलं खुरपं काढून बाजूला ठेवलं आणि मोजपट्टी गुंडाळली. "गाडी राहू दे रस्त्यावरच," म्हणत तो आत गेला.

अण्णा उठून झारी भरू लागले.

"सूनबाई," ते दबक्या आवाजात म्हणाले, "तुझ्या कंपनीचे आणलेस तरी चालतील. फक्त पिशवी मागच्या दाराने आण."