सदस्य टिल्लू यांचं मत

कोथरूडच्या आमच्या सोसायटीचे उपाध्यक्ष टिल्लूकाका यांनी एकदा भर सभेत स्वतःलाच समज दिली. झालं असं, की जिन्याला कोणता रंग द्यायचा यावरून ते अध्यक्ष बर्वेकाकांशी कडाकडा भांडले आणि त्यांना रंगांधळे म्हणाले. मग चहा झाला. चहानंतर बर्वेकाका नेहमीप्रमाणे क्रिकेट बघायला वर गेले. टिल्लूकाका आपल्या प्लास्टिकच्या खुर्चीवरून उठले, समोरच्या, अध्यक्षांच्या लाकडी खुर्चीवर जाऊन बसले आणि गंभीर आवाजात म्हणाले, "मघाशी सदस्य टिल्लू यांनी अध्यक्षांबद्दल काढलेले उद्गार अशोभनीय आहेत. ते कामकाजातून वगळण्यात येत आहेत. सदस्यांनी पुढे जपून बोलावं."

मी सोसायटीची सचिव. मुकाट्यानं इतिवृत्तातली ती ओळ खोडली.

काका तरुणपणी नोकरीनिमित्त काही वर्षं दिल्लीला होते. रजा काढून लोकसभेच्या गॅलरीत जाऊन बसायचे. इतर लोक पंतप्रधान बघायला जात; काकांना नेमका दुपारचा पास मिळे. जेवणं झालेली, सभागृह ओस पडलेलं, चार खासदार पेंगतायत आणि आसनावर उपाध्यक्ष. "मोठी भांडणं सकाळी होऊन गेलेली असतात हो," काका सांगत. "पण रिकाम्या बाकांपुढेसुद्धा तो माणूस प्रत्येकाला 'माननीय सदस्य' म्हणायचा. तेव्हाच ठरवलं, व्हायचं तर उपाध्यक्ष."

सोसायटीला उपाध्यक्ष कशाला हवा, असं मी नवीन असताना विचारलं होतं. "लोकसभेला कशाला लागतो?" एवढंच उत्तर मिळालं.

उपाध्यक्ष विरोधी बाकावरचा असावा असा संकेत आहे म्हणे. म्हणून काका पहिल्या रांगेत डावीकडे बसून बर्वेकाकांच्या प्रत्येक ठरावाला विरोध करत. पाण्याची टाकी धुण्यालासुद्धा. संध्याकाळी मात्र दोघं बरोबर टेकडीवर जात आणि एकाच पुडीतले दाणे खात खात परत येत.

लाकडी खुर्चीत बसले की काका पार बदलायचे. आसनावर बसलेल्यानं बाजू घ्यायची नाही, आणि मतं समसमान झाल्याशिवाय मतही द्यायचं नाही, हे त्यांचं ब्रीद. स्वतःच्या बायकोनं हात वर केला तरी म्हणत, "माननीय सदस्या, आधी तळमजल्याचं ऐकू." काकू पुण्याच्याच. त्या म्हणत, "माननीय म्हणायचंय तर घरी म्हणा."

तेव्हा आमच्या प्रत्येक जिन्यातून कुणी ना कुणी संगणकाच्या नोकरीसाठी अमेरिकेला जात होतं. बर्वेकाकांचा मुलगाही कॅलिफोर्नियाला गेला आणि त्याच्यामागून, "सहा महिन्यांत येतो" म्हणून, बर्वेकाका गेले. पुढच्या सभेत टिल्लूकाका म्हणाले, "अध्यक्ष गैरहजर असल्यामुळे मी आसन घेतो."

हे वाक्य आम्ही दोन वर्षं ऐकलं. बँक अध्यक्षांची सही मागू लागली. मी म्हटलं, "काका, आता तुम्हालाच अध्यक्ष करू या."

"पद रिक्त नाही. अध्यक्ष गैरहजर आहेत. दोन्हींत फरक असतो, सचिव."

बर्वेकाकांनी फोनवरून राजीनामा दिला. काका त्यांना म्हणाले, "अध्यक्षानं राजीनामा उपाध्यक्षाकडे द्यायचा असतो. घटनेत तसं आहे. द्यायचाय ना? मग ये इथं आणि माझ्या हातात दे." बर्व्यांच्या मुलानं मला ईमेल पाठवली, मी ती छापून नेली. काकांनी कागद उलटसुलट केला. "यावर सही कुठाय?"

लोक म्हणायचे, म्हाताऱ्याला खुर्ची सुटत नाही. मलाही तसंच वाटायचं. सभा मात्र अर्ध्या तासात आटपू लागल्या होत्या, कारण विरोध करणारा माणूसच आसनावर बसलेला. मला तर ते सोयीचंच होतं.

मग एका सकाळी बर्वेकाकांचा मला फोन आला. गुडघे गेले होते, आता परत येणं नव्हतं. फ्लॅट त्यांनी नागपूरकडच्या, आयटीत नोकरी करणाऱ्या एका जोडप्याला द्यायचं ठरवलं होतं. नावावर करून द्यायला सभेची मंजुरी हवी. टिल्लूकाकांना सांगायला मीच गेले. त्यांनी ऐकून घेतलं. "विषय पहिला ठेवा," म्हणाले.

सभेला ते नवीन जोडपं अवघडून मागे उभं होतं. काकांनी ठराव स्वच्छ आवाजात वाचला. चर्चा कुणालाच करायची नव्हती. आता मत घ्यायचं, तर काका थांबले.

"सचिव, जरा पाच मिनिटं आसन घेता?"

मला वाटलं, बरं वाटत नसेल. पण ते उठून सरळ पहिल्या रांगेत गेले आणि डावीकडच्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसले. मी लाकडी खुर्चीत बसले खरी, पुढे काय करायचं सुचेना. त्यांनीच खालून सांगितलं, "मतदान घ्या."

"होय म्हणणारे?"

सगळे होय म्हणाले. काकूही.

"नाही म्हणणारे?"

"नाही," टिल्लूकाका म्हणाले.

एरवी कुणीतरी खिदळलं असतं. त्या दिवशी कुणी हसलं नाही. काकू पदराचं टोक बोटाला गुंडाळत खाली बघत बसल्या. काका उठून परत आसनापाशी आले, मला हातानंच बाजूला व्हायला सांगितलं आणि बसले.

"होय म्हणणाऱ्यांचं बहुमत. ठराव संमत. विरोधात एक."

मागून ती मुलगी घाबरून म्हणाली, "काका, आमचं काही चुकलं काय?"

"छे छे. ते सदस्य टिल्लू यांचं वैयक्तिक मत होतं. तुमच्यावर त्यांचा राग नाही." त्यांनी पहिल्या रांगेतल्या आपल्याच खुर्चीकडे बोट केलं. "या, इथं पुढे बसा. आणि त्या घराच्या गॅलरीचं दार पावसाळ्यात अडकतं. जरा उचलून ढकलायचं, म्हणजे उघडतं."

मग माझ्याकडे वळले. "लिहा, सचिव. अध्यक्षपद आजपासून रिक्त."

याच वाक्यासाठी मी दोन वर्षं त्यांच्याशी हुज्जत घातली होती. लिहिताना मला अक्षरं नीट दिसत नव्हती. काकांनी मी लिहून संपवेपर्यंत वाट पाहिली, आणि मग पुढचा विषय घेतला.