मधाला तारीख नसते

घरात एकही घास वाया जाऊ द्यायचा नाही, असं मी रविवारी दुपारी ठरवलं. (माझे निश्चय भरल्या पोटीच होतात.) जग बदलायचं, तर सुरुवात स्वयंपाकघराच्या कपाटापासून करायला काय हरकत आहे? बायको आत झोपली होती, खिडकीतला पडदा संथपणे फुगत होता आणि मी घरातल्या यच्चयावत बाटल्या-बरण्या एक्सेलमध्ये भरत होतो. एका रकान्यात वस्तू, शेजारी तिची शेवटची तारीख. मग कंडिशनल फॉरमॅटिंग: तारीख आजच्या आधीची असेल तर चौकट लाल, नाहीतर हिरवी.

एन्टर दाबलं. लॅपटॉपच्या पडद्यावर अलगद हिरवळ उगवली, मधूनमधून लाल फुलं. उद्या प्रत्येक घरात असंच कुरण असेल, कुणी उपाशी झोपणार नाही... त्याच तंद्रीत मी लाल निघालेलं सगळं पिशवीत भरलं आणि खाली कचऱ्याच्या पिंपात टाकून आलो. फुलं जरा जास्तच निघाली होती, पण क्रांती म्हटली की थोडी झळ बसायचीच.

"मीठ कुठंय?" बायकोने उठल्या उठल्या विचारलं.

"एक्सपायर झालं."

"मीठ?"

"साखरही."

तिने कपाट उघडलं आणि तशीच उभी राहिली. "आणि बाबांचा मध?"

सासरे मधमाश्या पाळायचे. ते गेले त्या वर्षीचा हा शेवटचा मध. ती दर वाढदिवसाला फक्त बोटाचं टोक बुडवायची.

"त्या बरणीवर तारीख कुठे होती?"

"नव्हती. म्हणून चौकट रिकामी सोडली."

"मग?"

मी लॅपटॉपकडे पाहिलं. रिकाम्या चौकटीला एक्सेल शून्य समजतं, आणि शून्य म्हणजे आजच्या कितीतरी आधी. ज्याला तारीख नाही, ते सगळं लाल.

"कचऱ्याची गाडी येईल आता," ती म्हणाली. ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

मी एका चपलेनिशी जिना उतरलो. गाडी कोपऱ्यावर वळत होती. मी कमरेपर्यंत पिंपात शिरलो.

"काय शोधतोयस रे?" तळमजल्यावरच्या काकूंनी खिडकीतून विचारलं.

"मध, काकू."

"तिथे माश्या असतात. पण त्या वेगळ्या."

बरणी सापडली. उतरत्या उन्हात धरली, तर आत अजून एक अख्खी दुपार शिल्लक होती. बायकोने ती पदराने पुसली आणि बराच वेळ हातात धरून बसली.

संध्याकाळी ती लॅपटॉपपाशी आली. "नियम सुधारलास?"

"हो. तारीख नसेल तर आता पांढरंच राहतं."

तिने 'मध' लिहिलं. पांढरं. त्याखाली 'नवरा' लिहिलं. तेही पांढरं. मला भरून आलं. म्हणजे मीही कधी न नासणारा.

मग तिने शेजारी तारीख घातली. चौकट लालभडक झाली.

"कालची घातलीस?" मी विचारलं.

"नाही रे," ती म्हणाली, "लग्नाची."