तक्रार काय?

टिपणीसबाईंच्या हातात कुठलाही फोटो द्या, त्या आधी तो खिडकीच्या उजेडात धरून आरपार बघायला जातात. जाड कागदातून अर्थातच काही दिसत नाही. मग "अरे हो" असं पुटपुटत त्या वळतात, चष्मा कपाळावरून नाकावर आणतात आणि विचारतात, "तक्रार काय?"

नवख्या माणसाला वाटतं, बाई भांडायलाच निघाल्या. तसं नाही. बाईंची सगळी नोकरी मुंबईतल्या एका रुग्णालयात एक्स-रे काढण्यात गेली. तिथे पेशंटबरोबर डॉक्टरची चिठ्ठी यायची आणि चिठ्ठीवर तक्रार लिहिलेली असायची. गुडघा दुखतो, खोकला जात नाही, पोराने नाणं गिळलंय. तक्रार कळल्याशिवाय बाईंनी बटणाला कधी हात लावला नाही. निवृत्त होऊन त्या नवीन पनवेलला आमच्या बिल्डिंगमध्ये, माझ्या बरोबर वरच्या मजल्यावर राहायला आल्या, आणि सामानसुमानाबरोबर तो प्रश्नही घेऊन आल्या.

आमची पहिली भेट लिफ्टमध्ये झाली. गाढी नदीवर मी एका बगळ्याचा फोटो काढला होता आणि त्याची प्रिंट घेऊन घरी चाललो होतो. शेजारधर्म म्हणून बाईंना दाखवली. मला अपेक्षा "वा" ची होती.

"तक्रार काय?" बाई म्हणाल्या.

"तक्रार कसली? बगळा आहे."

"तक्रार नाही? मग काढलात कशाला?"

तेवढ्यात माझा मजला आला. बाईंनी लिफ्टचं दार पायाने अडवून धरलं आणि सांगितलं, "बगळा बारीक, पाणी भरमसाट, आणि पुलावरची ही रिक्षा. ज्याचा गुडघा दुखतोय त्याची छाती कशाला घ्यायची? आणि हललाय. श्वास धरला होतात का?"

नव्हता धरला. फोटो काढताना श्वास धरायचा असतो हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. मी घरी येऊन बायकोला म्हणालो, वरची बाई विक्षिप्त आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी नदीवर गेलो, चार पावलं पुढे सरकलो, रिक्षा टाळली, श्वास धरला. काय सांगू, बगळ्याचा डोळा दिसला! तो पिवळा असतो हे मी तोवर पाहिलं नव्हतं.

पुढे आम्हा हौशी फोटोवाल्यांचं मंडळ दर शनिवारी संध्याकाळी बाईंच्याच घरी भरायला लागलं. बाई एकट्या राहायच्या, खिडकी पश्चिमेची होती, आणि त्या चहाबरोबर कानवले करायच्या. यातलं मुख्य कारण कुठलं, ते मंडळातल्या प्रत्येकाने आपापल्या मनाशी ठरवावं. मी कानवल्यांच्या पक्षाचा.

मंडळ म्हणजे मोठं काही नाही. दोघं कुलकर्णी नवरा-बायको. शेजारच्या सुकापूरची भारती पाटील, जी स्वतःचं ब्यूटी पार्लर सांभाळून मोबाइलवर फोटो काढते. इथलाच एक तरुण इंजिनिअर थॉमस. मी. आणि सामंत. सामंत सरकारी नोकरीतून निवृत्त झाले आणि त्यांनी एक कॅमेरा घेतला. त्याची लेन्स एवढी लांब की सामंत दारातून आत यायच्या आधी ती यायची.

बाईंचा शब्दसंग्रह मोजकाच. फोटो धूसर असला तर "हललाय". नको ते आत आलं असेल तर "बाकीचं कशाला?" आणि काहीच धड नसेल तर एकच शब्द, "परत." म्हणजे पुन्हा काढून आणा. "छान" हा शब्द त्यांच्या घरात वर्ज्य होता. "छान म्हणजे काय, माहितीय?" त्या म्हणायच्या. "छान म्हणजे बघितलंच नाही."

थॉमसने कर्नाळ्याच्या अंगठ्यासारख्या सुळक्याचा फोटो आणला. ढगबिग, सोनेरी ऊन, सगळा साज. बाईंनी तो खिडकीला लावला, "अरे हो" म्हणाल्या आणि निरखून बघू लागल्या. "अंगठा आहे. दुखतोय कुठे?" बिचारा आठवडाभर त्यावर विचार करत होता.

भारती तशी बिनधास्त. तिला तक्रार विचारली की ती म्हणायची, "तक्रार कशाची वो बाई? म्हस हाय ती, आमच्या काकाची."

"म्हैस दिसतेय मला. पण तिचं काय?"

"ती रुसली हाय. काकानं तिचं रेडकू इकलं ना."

"मग तोंड दाखव तिचं. तू तर शेपटाकडून काढलायस!"

"तोंडाकडं गेले तं मारते वो," भारती म्हणाली. तरी पुढच्या शनिवारी तिने तोंडाचा फोटो आणला. खरंच रुसली होती म्हैस. बाई कितीतरी वेळ त्या फोटोकडे बघत राहिल्या आणि त्यांनी भारतीला एक कानवला जास्त वाढला. बाईंचं कौतुक हे असं, ताटात पडायचं.

घोडं अडलं सामंतांच्या नातीपाशी. वाढदिवसाचा फोटो होता. नात गोड, फ्रॉक गुलाबी, पुढ्यात केक. सामंतांनी तो दोन्ही हातांनी बाईंपुढे धरला.

"तक्रार काय?"

"नात आहे माझी!" सामंत म्हणाले.

"ते कळलं. पण मागे फ्रिज, आणि फ्रिजवर कुकर. मुलीच्या डोक्यातून कुकर निघालाय, सामंत. शिट्टीसुद्धा स्पष्ट आहे."

कुलकर्णीबाई फिस्सकन हसल्या. तिथेच घात झाला. सामंतांनी फोटो पाकिटात घातला, लेन्स उचलली आणि चहा तसाच टाकून निघून गेले. त्याच रात्री मोबाइलवर एक नवा ग्रुप उघडला. नाव: 'फक्त आनंद'. आम्ही सगळे त्यात, टिपणीसबाई तेवढ्या नाहीत. बाईंना कुकर दिसला तो दिसलाच. पण तो सांगायची घाई नडली, असं आपलं माझं मत.

'फक्त आनंद'वर आनंदाला तोटा नव्हता. कुणी काहीही टाका, "छान", "अप्रतिम", "क्या बात", फुलं, टाळ्या. मी एकदा चुकून खिशात निघालेला फोटो टाकला, म्हणजे काळोखच. त्यालाही "गूढ! सुंदर!" अशी दाद आली. सामंतांनी नातीचा फोटो नव्याने काढला आणि ग्रुपवर टाकला. या वेळी मागे साधा पांढरा पडदा. त्यालाही "छान, छान" आलं. दुसऱ्या दिवशी सामंत मला भाजीवाल्यापाशी भेटले आणि मेथीची जुडी हातात घेऊन तसेच उभे राहिले. "पडदा कुणी बघितलाच नाही हो," ते म्हणाले. "शिवून घेतला होता मुद्दाम."

शनिवारी आम्ही बाईंकडे जातच होतो, सामंत तेवढे येत नव्हते. मग एका शनिवारी 'फक्त आनंद'ने आपट्याला, पाताळगंगेच्या काठी जायचं ठरवलं. मी भाच्याच्या साखरपुड्याला नाशिकला जाणार होतो, तसं बाईंना आधीच सांगून ठेवलं होतं. बाकीच्यांपैकी प्रत्येकाला वाटलं, बाईंना दुसऱ्या कुणीतरी कळवलं असेल. कुणीच कळवलं नव्हतं.

साखरपुड्याचं जेवण लांबलं होतं. संध्याकाळी माझा मोबाइल वाजला. मंडळाच्या जुन्या ग्रुपवर, ज्यात बाईही होत्या आणि जो बरेच दिवस मुका पडला होता, टिपणीसबाईंनी फोटो टाकला होता. बाईंनी! "मी काढत नाही, मी बघते" म्हणणाऱ्या बाईंनी. खाली एक अक्षर लिहिलेलं नव्हतं.

टेबल होतं. टेबलावर चहाचे कप मांडलेले, मध्ये कानवल्यांची ताटली. पश्चिमेचं ऊन.

लगेच आपट्याहून दाद सुरू झाली. "छान!" "सुरेख मांडणी, बाई." "वा, चहा कधी पाजताय?" थॉमसने वाफाळत्या कपाचं चित्र टाकलं, कुलकर्ण्यांनी हात जोडले.

मी फोटो बोटांनी मोठा केला. इतक्या दिवसांची सवय. कप पाच होते, म्हणजे मी सोडून मंडळातल्या प्रत्येकाचा एक, सामंतांचासुद्धा, आणि सगळे काठोकाठ भरलेले. प्रत्येक चहावर साय धरली होती. कानवला एकही उचललेला नव्हता. आणि फोटो हललेला होता, थोडासाच, पण हललेला. शेजारी भाच्याचे सासरे मठ्ठ्याचा आग्रह करत होते आणि मी ताट बाजूला सारलं. तक्रार काय, ते विचारायची गरजच नव्हती.

लिहीत होतो, पुसत होतो. तेवढ्यात सामंतांचं उमटलं.

"बाई, हललाय."

आपट्याच्या काठावर सगळेच आता तो फोटो मोठा करून बघत असणार. मग पुन्हा सामंत. "श्वास धरला नव्हता का?"

खाली बाईंचं उत्तर आलं. "धरला होता. तरी हलला."

आणि त्याखाली सामंतांचा एकच शब्द, बाईंचाच. "परत."

मी सोमवारी पनवेलला आलो आणि बॅग ठेवून आधी वर गेलो. बाईंनी दार उघडलं ते हातात प्रिंट घेऊनच. माझी वाटच बघत होत्या म्हणा ना. शनिवारी अंधार पडता पडता सगळे आपट्याहून थेट त्यांच्याकडे आले होते, आणि बाईंनी परत फोटो काढला होता. मी तो घेतला आणि खिडकीशी नेऊन उजेडात धरला. त्यांच्या घरात मलाही आता तेच सुचतं.

फोटो वाईट होता. भारती हसता हसता अर्धी बाहेर गेली होती. थॉमसचं कपाळ कापलं होतं. कुलकर्णी नवरा-बायको एकाच कानवल्याला झोंबत होते. आणि ऐन मध्ये सामंत, रिकामा कप उंचावून.

"तक्रार काय?" मी विचारलं.

"काही नाही," बाई म्हणाल्या.

"मग काढलात कशाला?"

बाईंनी प्रिंट माझ्या हातून घेतली. पदराने प्रिंटचा कोपरा पुसत राहिल्या, तो स्वच्छच होता. मला राहवेना.

"बाई, सामंतांच्या मागे तुमचा फ्रिज आलाय. डोक्यातून कुकर निघालाय त्यांच्या."

"बघितलाय मी," बाई म्हणाल्या. "राहू दे. चहा टाकते."