दोन्ही बाजूंचे जानूआपा

आमच्या गावची टीम सामन्याला उतरायची असली की आधी राष्ट्रोळीच्या घुमटीसमोर नारळ ठेवून देवाला गाऱ्हाणे घातले जाते, आणि ते घालण्याचा मान जानूआपांचा. आवाज असा की पलीकडच्या वाड्यावरच्या म्हशी मान वर करतात. "बा देवा म्हाराजा! आज ही तुझी लेकरां बॉल खेळूक जातत. तेंका येस दी रे म्हाराजा!" आम्ही सगळे हात जोडून ओरडतो, "व्हय म्हाराजा!" आपल्या मुलांसाठी यश मागितले, इथवर सगळे ठीक असते. पण आपा थांबत नाहीत. "आणि जी समोरसून येतली, तींय कोणाची तरी लेकरां. तेंकाय येस दी रे म्हाराजा!" आणि आम्ही सवयीने, तितक्याच जोरात, "व्हय म्हाराजा!"

म्हणून झाल्यावर लक्षात येते. तोवर नारळ फुटलेला असतो.

यात देवाची काय पंचाईत होत असेल, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. मी गावच्या क्रीडा मंडळाचा सेक्रेटरी. नारळ आणणे, बॉलमध्ये हवा भरणे आणि पंचांना लिंबूसोडा पाजणे ही कामे माझी. एका मोसमात आमचे लागोपाठ चार सामने बरोबरीत सुटले. चौथ्यात तर आमच्या बॅकने आपल्याच गोलात बॉल मारला आणि दोन मिनिटांनी त्यांच्या बॅकनेही तेच केले. मंडळाचे अध्यक्ष बाळाशेट डोक्याला हात लावून म्हणाले, "देवान दोगांचांय आयकला!"

जानूआपा म्हणजे जनार्दन परब, माझे शेजारी. पाणीपुरवठा खात्यात होते. गावच्या पाण्याची चावी फिरवायची, प्रत्येक वाड्याला अर्धा तास पाणी सोडायचे, हे त्यांचे आयुष्यभराचे काम. अर्धा तास म्हणजे अर्धाच तास. खुद्द त्यांच्या घरात कार्य होते तेव्हाही पाहुण्यांच्या अंगाला साबण असताना त्यांनी चावी बंद केली होती, असे सांगतात. आता निवृत्त झाले आहेत. त्यांची बायको, आमची काकी, जाऊन सहा वर्षे झाली. मुलगी शोभा पुण्याला असते. घरात आपा एकटेच, आणि त्यांची ती निळी प्लास्टिकची खुर्ची. तिला ते कदेल म्हणतात.

या कदेलाचा एक नेम आहे. सामना सुरू होताना ते मधल्या रेषेवर असते. गोल झाला की आपा उठतात, कदेल डोक्यावर घेतात आणि ज्यांच्यावर गोल झाला त्यांच्या बाजूला जाऊन बसतात. बसून नुसते बघत नाहीत, घसा बसेपर्यंत त्यांच्यासाठी ओरडतात. बरोबरी झाली की परत मध्ये. एकदा एक सामना पाच-चार असा संपला, तेव्हा दुसऱ्या दिवशी पोदेर पाव घेऊन दारात येऊन भोंगा वाजवून गेला, तरी आपांना पोटऱ्यांच्या दुखण्याने उठता आले नाही.

"आपा, पण तुमी कोणाचे?" मी एकदा स्पष्टच विचारले.

"आमचो कोण ता मागीर बघया," आपा म्हणाले. "सध्या हारता कोण ता सांग."

हे त्यांचे ठरलेले उत्तर. पंचायतीची निवडणूक असो, टीव्हीवरचे क्रिकेट असो, की दोन कोंबड्यांची झुंज असो.

वर्ल्ड कपच्या वेळी तर माझे डोकेच चालेनासे होते. त्या महिन्यात आमच्याकडे घराघरावर ब्राझील, अर्जेंटिना, पोर्तुगाल यांचे झेंडे लागतात. सख्खे भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत, आणि ज्या देशापायी बोलत नाहीत तो नकाशात दाखवा म्हटले तर दोघेही आफ्रिकेवर बोट ठेवतील. आपांच्या जनेलाच्या, म्हणजे खिडकीच्या, गजांवर मात्र दर दोन दिवसांनी नवा झेंडा, आदल्या दिवशी हरलेल्या देशाचा. शिंपी बिचारा वर्तमानपत्रातले चित्र बघून शिवून द्यायचा. एकदा पोलंड हरले. पांढरे वर, तांबडे खाली, असा सोपा झेंडा, तोही आपांनी उलटा टांगला. मांद्र्याच्या किनाऱ्यावर उतरलेले एक गोरे जोडपे स्कूटरवरून चालले होते. ते थांबले आणि खाणाखुणांनी आपांना सांगू लागले की हा पोलंडचा नव्हे, असा झेंडा इंडोनेशियाचा. मी दुभाषा झालो.

"तो देश कसो खेळता?" आपांनी विचारले.

मी म्हटले, "आपा, तो ह्या कपात नाच. पात्रच होवंक ना."

आपांचा चेहरा उजळला. "मगे तेंचो तर लावूकच होयो!" आणि झेंडा महिनाभर तसाच राहिला. जोडपे बराच वेळ माझ्याकडे बघत होते. मी काय सांगणार?

आता मुलींचे सांगतो. माझी मुलगी सान्वी दहावीत आहे, गोलकीपर खेळते. दीड वर्षापूर्वी तिने आणि तिच्या मैत्रिणींनी टीम काढली आणि मैदान मिळावे म्हणून अर्ज केला. अर्ज "माननीय सेक्रेटरी" यांना, म्हणजे मलाच, मी जेवायला बसलो असताना ताटाशेजारी ठेवण्यात आला. मी तो बाळाशेटकडे नेला. संध्याकाळी तिथे मुलांचे क्रिकेट चालते, म्हणून बाळाशेट कुरकुरले. शेवटी सोमवार, बुधवार, शुक्रवार मुलींना द्यायचे ठरले, पण एका अटीवर. "तालुक्यांच्या स्पर्धेत कप आयलो तर मैदान तेंचा. ना तर पुढल्या वर्सा मुलग्यांचा."

मी विचारले की मुलांनी सात वर्षांत एकही कप आणला नाही, त्यांना ही अट का नाही. बाळाशेट म्हणाले, "तां वेगळा." ते वेगळे कसे, हे मला अजून उमगलेले नाही.

टीममध्ये भारती नावाची एक मुलगी होती. तिचे वडील बेळगावकडून आलेले गवंडी. तिचा पाय असा की बॉल गेलेला दिसायचा नाही, जाळी हललेली दिसायची. पहिल्या सामन्याआधी बाळाशेट तिला "त्या गवंड्याचा चेडू" म्हणत. तिने दोन गोल केल्यावर "आमचा भारती" म्हणू लागले. मधल्या सामन्यात तिने पेनल्टी बाहेर घालवली तेव्हा अर्धा तास ती पुन्हा "गवंड्याचा चेडू" झाली.

अशा रीतीने मुली फायनलला पोचल्या. समोर मुळगावची टीम, मैदान आमचे. आदल्या दिवशी मंडळाची बैठक भरली. मैदानाचा सगळा सौदा या एका सामन्यावर आलेला, म्हणून सगळे गंभीर होते. बाळाशेटनी तोंड उघडले ते आपांकडे बघूनच.

"आपा, ह्या फेरा गाऱ्हाणा मी घालतंय. तुमी देवाक गोंधळात घालतात."

"बाळा, माझी एक अडचण सोडय," आपा शांतपणे म्हणाले. "मुळगावच्या ह्या चेडवांतली एकतरी धा वर्सांनी हांगा सून म्हणान येतली. आमची एकतरी थंय जातली. मगे ह्यातली आमची खंयची, ती माका आज दाखय."

बाळाशेट छताकडे बघू लागले. सान्वी दारात उभी होती. ती म्हणाली, "आपा, पयली आमका धावी तरी पास होवंक दियात!" त्यावर सगळे हसले, आणि हसण्याच्या गडबडीत आपांचा मान काढून घेण्याचा ठराव पास झाला. सेक्रेटरी म्हणून तो मीच लिहिला. आपा उठले. जाताना वहाण उलट पायात घालून गेले, एवढे मी पाहिले.

दुसऱ्या दिवशी बाळाशेटनी गाऱ्हाणे घातले. "समोरच्यांका हारय रे म्हाराजा!" असे ते म्हणाले. आजवर आमच्या घुमटीसमोर कोणी कोणाचे वाईट मागितले नव्हते. निम्मे लोक "व्हय" म्हणाले, निम्मे खोकले. आपा मागे हात जोडून उभे होते. त्यांचे ओठ हलत होते. काय मागत होते ते विचारायची मला गरज वाटली नाही.

सामना सुरू झाला आणि दहाव्या मिनिटाला भारतीने गोल केला. मैदान दणाणले. आपांनी कदेल उचलले आणि मुळगावच्या बाजूला गेले. तिकडे माणसे किती? एका मिनीबसमधून आलेल्या एक बाई शिक्षिका आणि दोन आया. आपा चौथे. "थंयच रवा आता!" म्हणून आमची माणसे ओरडली, आणि लाज वाटून मीही दुसरीकडे तोंड फिरवले. तो माणूस माझा शेजारी आहे हे त्या क्षणी मला नको झाले होते.

मध्यंतरानंतर मुळगावने बरोबरी केली. आपा मध्ये आले. थोड्या वेळाने मुळगावच्या मुलींनी दुसरा गोल केला. सान्वीने झेप घेतली, पण बॉल तिच्या बोटांखालून गेला.

मग आमच्या बाजूची माणसे उठू लागली. कोणाला दूध काढायचे आठवले, कोणाला बस. बाळाशेटनी स्कूटर चालू केली आणि जाता जाता मला म्हणाले, "संपला. पुढल्या वर्सा मैदान मुलग्यांचा." बघता बघता दोनशे माणसे पांगली. खरे सांगायचे तर मीही उठलो. लिंबूसोड्याच्या बाटल्या आणायला जातो, असे मी स्वतःलाच सांगत होतो. चिखलात गुडघे टेकलेली माझी मुलगी मला बघवत नव्हती.

तेवढ्यात समोरून आपा डोक्यावर कदेल घेऊन आले. आमच्या रिकाम्या बाजूला त्यांनी ते टेकवले आणि माझे मनगट धरले.

"बस, दिलीप."

"आपा, सोडो हाडतंय..."

"बस म्हणतंय ना." त्यांची पकड चावी फिरवून घट्ट झालेली. मी गवतावर बसलो. ते मैदानाकडे बघतच बोलू लागले.

"शोभा सातवीत आसताना पेडण्यात धावूक गेल्ली. मी रजा टाकून बघूक गेल्लंय. ती सगळ्यांच्या मागे रवली. लोक हांसले. माका लज दिसली रे. मी उठलंय आणि बस धरूक गेलंय. वळणावर मागे बघलंय, तर ती अजून धावता आणि माझ्या पाठीक बघता." ते थांबले. "सांजेक घराक इली. मी म्हटलंय, पाणी सोडूचा होता, येवंक जमला ना. ती म्हणाली, बरा बाबा. इतलाच. मागीर ती कधीच धावूक ना, आणि मी कधीच विचारूक ना."

इतकी वर्षे हा माणूस कदेल डोक्यावर घेऊन या टोकाचा त्या टोकाला का जातो, हे मी चेष्टेवारी नेले होते. मला रडू आले, ते लपवायला मी ओरडायला लागलो. "सान्वी! उठ गो! भारती, पुढे जा!" आपाही ओरडू लागले. दोघांचे आवाज त्या मोकळ्या मैदानात भलतेच मोठे वाटत होते.

शेवटच्या मिनिटांत मुळगावचा तिसरा गोलही झाला. सान्वी उठली आणि आधी जिथे गाव बसला होता तिकडे तिने पाहिले. तिथे आम्ही दोघे. मी हात वर केला. तिने हातमोज्याने नाक पुसले, बॉल उचलला आणि लांब मारला.

संध्याकाळी मी मंडळाच्या फळ्यावर पुढच्या मोसमाचे वेळापत्रक लिहिले. सोमवार, बुधवार, शुक्रवार: मुली. खाली माझी सही केली. शेजारी आदल्या दिवशीचा ठराव टाचलेला होता, तो काढून फाडला. बाळाशेट भांडणार हे मला माहीत आहे. भांडोत. वेळापत्रक लिहिणे हे सेक्रेटरीचे काम आहे.

घरी आलो तर आपा आमच्या दारापुढच्या बलकांवात, बाकावर बसलेले. हातात मोबाईल, उलटा धरलेला.

"शोभाक लावून दी."

मी चक्रावलो. शोभाताई दर गणेशचवथीला फोन करते. आपणहून आपांनी तिला फोन केल्याचे मला आठवत नव्हते. त्यांना ऐकू कमी येते म्हणून मी स्पीकर चालू करून दिला. पलीकडून घाबरा आवाज आला, "बाबा? कितें झाला? बरे आसात मा?"

ज्या माणसाच्या आवाजाला म्हशी मान वर करतात, त्याने दोनदा घसा खाकरला.

"बरो आसंय," ते शेवटी म्हणाले. "हांगा चेडवांची मॅच झाली. आमची हारली. तीन-एक."

"बरा..."

"शोभा, मी शेवटापर्यंत बसललंय गो. उठूक ना."

फोन कट झाला की काय म्हणून मी वाकून पाहिले. कट झाला नव्हता, सेकंद पुढे सरकत होते. आपा दोन्ही हातांनी मोबाईल धरून बसले होते. मी तिथे थांबावे की आत जावे हेही मला ठरवता येईना.

मग शोभाताईने नाक ओढल्याचा आवाज आला.

"बाबा," ती म्हणाली, "तिसरो गोल कसो झालो, ता सांगा."